अपुरी गाडी

अमेरिकेत पहिली नोकरी लागली तेव्हा घरी फोन केला. बाबांनी विचारलं, "कंपनी ट्रक बनवते का?" मी म्हटलं, "नाही बाबा, ट्रक दुसरे बनवतात. आम्ही त्यावर मागची बॉडी चढवतो." क्षणभर पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे येतो तेव्हा तो ट्रक नसतोच की."

ही १९९८ ची गोष्ट. बाबांची सगळी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली, गाड्यांशी त्यांचा संबंध बसच्या तिकिटापुरता. पण ज्या धंद्यात मी पुढची सव्वीस वर्षं काढली, त्याचे नियम नेमकं तेच सांगतात. केबिन आहे, इंजिन आहे, चाकं आहेत, आणि केबिनमागे फ्रेमच्या दोन उघड्या पोलादी रेल्स. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांत हिला 'अपुरी गाडी' असंच म्हटलं आहे. तिच्यावर टिपरची बॉडी चढते, माणसाला तारांपर्यंत उचलणारी वीजवाल्यांची शिडी-बादली चढते, प्लंबरची कप्प्याकप्प्यांची सर्व्हिस बॉडी चढते, नाहीतर सामानाचा बंद डबा. ती चढली की गाडी पुरी होते. हे काम करणाऱ्याला तिकडे 'अपफिटर' म्हणतात. ओहायोतल्या अशाच एका अपफिटरकडे मी इंजिनिअर म्हणून लागलो आणि त्याच कंपनीचा अध्यक्ष म्हणून निवृत्त झालो.

अपुऱ्या गाडीबरोबर एक पुस्तिका येते. चॅसिस, म्हणजे ही अपुरी गाडी, बनवणारा त्यात लिहून देतो की एकूण वजन इतक्यापर्यंत राहिलं, गुरुत्वमध्य इतक्या उंचीच्या आत राहिला, दिव्यांना आणि डिझेलच्या टाकीला हात लावला नाही, तर ही गाडी अमुक अमुक नियमांत बसते. त्यापलीकडे गेलात तर तुमचं तुम्ही सिद्ध करा. शेवटचा हात ज्याचा लागतो तो 'अंतिम टप्प्याचा उत्पादक'. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवतो. पट्टीवर त्याचं नाव, महिना, वर्ष, गाडीचं एकूण मान्य वजन आणि प्रत्येक एक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची, मर्यादा असते, आणि ही गाडी त्या तारखेला लागू असलेल्या सगळ्या सुरक्षा मानकांप्रमाणे आहे अशी ग्वाही असते. पोस्टकार्डापेक्षा लहान पट्टी. तिच्यावर आपल्या कंपनीचं नाव आलं की तो ट्रक आपला झाला.

पहिले सहा महिने मला टेबल मिळालंच नाही. मालकांचा नियमच होता की इंजिनिअरने आधी शॉपमध्ये, म्हणजे जिथे बॉडी चढवतात त्या कारखान्यात, उभं राहायचं. आमचा फोरमन साठीला आलेला माणूस, वेल्डिंगमध्ये चाळीस वर्षं घालवलेली. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हातात टेप दिली आणि म्हणाला, "केबिनच्या पाठीपासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत माप." मी मापून साठ इंच सांगितलं. "कागदावर साठ आहे. पण केबिनच्या मागे हा धुराचा पाइप उभा आहे, तो बघितलास? बॉडीला खरी जागा किती उरली ते सांग." मी पुन्हा मापलं. चार इंच कमी भरली. साठ इंचाला बरोबर बसणारी बॉडी ऑर्डर केली असती, तर ती त्या पाइपवर आदळली असती. पुढे विक्रीत मी कितीतरी पोरांना हीच टेप देऊन हाच प्रश्न विचारला, आणि बहुतेकांनी आधी साठच सांगितलं.

त्याच्याकडून शिकलेल्या गोष्टी मला आजही तोंडपाठ आहेत. फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या काठाला भोक पाडायचं नाही, पाडायचंच तर मधल्या उभ्या भागात, तेही चॅसिसवाल्याने परवानगी दिलेल्या जागी. वेल्डिंगचा चिमटा लावण्याआधी बॅटरीची तार सोडायची, नाहीतर केबिनमधल्या कॉम्प्युटरचं काय होईल सांगता येत नाही. आणि ॲल्युमिनियमची बॉडी पोलादी फ्रेमवर नुसती टेकवायची नाही, मध्ये काहीतरी अस्तर हवंच. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, एवढं मिळालं की ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. पांढऱ्या भुकटीसारखा तो गंज त्याने एकदा नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. "हा तीन वर्षांचा ट्रक आहे," एवढंच म्हणाला.

मग हिशेब आला, वजनाचा हिशेब. या धंद्याचं खरं इंजिनिअरिंग त्यातच आहे. शाळेतल्या तराजूइतकं सोपं, पण चुकलं तर माणसं जातात. समजा, बर्फ ढकलण्यासाठी ट्रकच्या पुढे ९०० पौंडांचा फाळ लावला. त्याचं वजन पुढच्या एक्सलच्या चार फूट पुढे आहे, आणि दोन एक्सलमधलं अंतर चौदा फूट. नव्या माणसाला वाटतं, पुढच्या एक्सलवर ९०० पौंड आले. प्रत्यक्षात येतात सुमारे १,१५७. फाळ तरफेसारखा पुढे दाबतो आणि मागची चाकं उचलतो, त्यामुळे मागचा एक्सल २५७ पौंडांनी हलका होतो. पुढची चाकं, स्प्रिंग, ब्रेक यांच्यावर ठरल्यापेक्षा जास्त भार, आणि मागच्या चाकांची बर्फावरची पकड कमी. म्हणून फाळ लावलेल्या ट्रकच्या मागच्या बाजूला मिठाचा भार हवाच असतो. हे गणित मी शेकडो वेळा कागदावर केलं. पुढे एकदा ते करायचं राहून गेलं. त्याबद्दल सांगेनच.

तीन वर्षांनी मला विक्रीत जायचं होतं. इंजिनिअरिंगचे मॅनेजर नाराज झाले, पण मालकांनी पाठवलं. माझं इंग्रजी बरं होतं, तरी उच्चार वेगळे, आणि समोर बहुतेक वेळा गावातला ठेकेदार नाहीतर नगरपालिकेचा रस्ते विभाग. पहिलं वर्ष जड गेलं. मग मी एक गोष्ट सुरू केली. ऑर्डर लिहिण्याआधी ज्यांच्यासाठी ट्रक आहे त्यांच्याबरोबर एक दिवस घालवायचा. पहाटे पाचला त्यांच्या यार्डात हजर राहायचं आणि दिवसभर मागच्या सीटवर बसायचं.

एका वीज कंपनीच्या लाइनमनने मला त्या दिवसांत जे दाखवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं. जाड रबरी हातमोजे, वर चामड्याचे. ते घालून त्याने आमच्या सर्व्हिस बॉडीच्या कप्प्याचं कुलूप उघडायला घेतलं. खटका अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा नव्हता. उघडेना. त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला, खटका दाबला, हातमोजा परत चढवला. बाहेर उणे दहा. "दिवसातून चाळीस वेळा," तो म्हणाला. त्याची तक्रार नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं. मी परत येऊन मोठ्या पकडीचं हँडल मागवलं. प्रत्येक दारामागे खर्च थोडा वाढला, आणि त्या कंपनीने पुढची बारा वर्षं बॉडी आमच्याकडूनच घेतली. अजून एक गोष्ट त्यांनीच शिकवली. दिवसात सर्वांत जास्त लागणारं साहित्य नेहमी उजव्या बाजूच्या कप्प्यात, म्हणजे फुटपाथच्या बाजूला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेला उभ्या राहतात. डावीकडचा कप्पा उघडायला गेलं तर माणसाची पाठ धावत्या वाहनांकडे होते.

विक्रीत कळलं की अख्खा बाजार काही आकड्यांच्या कुंपणांनी वाटलेला आहे. वजनाच्या आठ श्रेणी आहेत. आमचं बहुतेक काम तिसरीपासून सातवीपर्यंत, म्हणजे १०,००१ पौंडांपासून ३३,००० पर्यंत. २६,००१ पौंडांपासून वर व्यावसायिक ड्रायव्हिंग लायसन्स लागतं. म्हणून कितीतरी नगरपालिका ट्रक मुद्दाम २६,००० लाच मागतात, त्यांचा कोणीही कर्मचारी साध्या लायसन्सवर चालवू शकतो. ३३,००० च्या वर गेलं की पहिल्या किरकोळ विक्रीवर केंद्राचा १२ टक्के कर. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंसं वजन वाढवा ना." त्या एवढ्याशामुळे त्याला चार नवे ड्रायव्हर शोधावे लागतील, हे त्याला खरेदीच्या आधी सांगणं हीच चांगली विक्री, असं मी मानत आलो. काही ऑर्डरी त्यामुळे हातच्या गेल्या. पण फसल्याची भावना घेऊन कोणी आमच्याकडून ट्रक नेला नाही.

मधली वर्षं भरभर गेली. विभागीय विक्री, मग शाखेची जबाबदारी, मग कामकाजाचा उपाध्यक्ष. पदांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

२००८-०९ बद्दल मात्र सांगायला हवं. घरबांधणी कोसळली. कामाचे ट्रक घेतं कोण? घर बांधणारा, छप्पर घालणारा, वायरिंग करणारा, बागकाम करणारा. त्यांचं काम थांबलं की सहा आठवड्यांत आमचं थांबतं. यार्डात चॅसिस कंपन्यांचे चॅसिस ओळीने उभे होते. या धंद्यात चॅसिस बरेचदा आमच्या मालकीचे नसतात. ते आमच्या यार्डात ठेवायला येतात, बॉडी चढून डीलरला विकले गेले की त्यांचे पैसे वळते होतात. तेव्हा ते नुसते उभे राहिले, आणि मुदत उलटून गेलेल्या चॅसिसवर व्याज सुरू झालं. मी शाखेचा प्रमुख होतो. एकोणीस लोकांना काढायचं होतं. यादी मी केली. एकेकाला खोलीत बोलावून सांगितलं, चिठ्ठी किंवा मेल कुणालाही पाठवला नाही. अकरावा माणूस बूम ट्रकच्या, म्हणजे उंच उचलणारा लांब हात बसवलेल्या ट्रकच्या, वेल्डिंगमध्ये अख्ख्या कंपनीत सगळ्यांत हुशार होता. त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "काम आलं की फोन कर." अठरा महिन्यांनी काम आलं. मी फोन केला. तोवर तो नातेवाइकांबरोबर दुसऱ्या राज्यात पाइपलाइनच्या कामावर गेला होता. त्या एकोणीसपैकी सात जण परत आले. पोलाद पुन्हा विकत घेता येतं, पण चाळीस फूट उंच जाणाऱ्या बूमच्या पायथ्याचं वेल्डिंग करणारा हात पुन्हा तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. पुढच्या मंदीत आम्ही लोक काढले नाहीत. सगळ्यांचे तास कमी केले, आणि माझा पगारही.

आता ते राहून गेलेलं गणित.

एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, रस्ते विभागाने पाचव्या श्रेणीचे तेवीस टिपर मागवले होते. पुढे फाळ, मागे मीठ फेकणारं यंत्र, केबिनच्या पाठीला हायड्रॉलिक तेलाची टाकी. इंजिनिअरिंगने हिशेब केला, पुढच्या एक्सलच्या ७,००० पौंडांच्या मर्यादेत सगळं बसत होतं. मग काउंटीने फाळ बदलून मागितला, अधिक रुंद आणि अधिक जड. विक्रीने ऑर्डरमध्ये दुरुस्ती केली. किमतीतला फरक माझ्याकडे मंजुरीला आला. मी किंमत पाहिली आणि सही केली. वजनाचा हिशेब पुन्हा कोणी केला नाही. पट्ट्या जुन्या हिशेबावर छापल्या गेल्या. तेवीस ट्रक गेले.

पहिला बर्फ पडायच्या आधी काउंटीच्या मेकॅनिकचा फोन आला. त्याने एक ट्रक वजनकाट्यावर नेला होता. फाळ उचललेला, आत दोन माणसं. पुढचा एक्सल ७,२१०. तो शांतपणे म्हणाला, "तुमची पट्टी सात हजार म्हणते." मी त्याला धन्यवाद दिले, फोन ठेवला आणि शॉपमध्ये जाऊन फाळाचं कागदपत्र काढलं. माझी सही तिथे होती.

त्या दुपारच्या बैठकीत वेगवेगळी मतं निघाली. एक जण म्हणाला, २१० पौंड म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं सामान, स्प्रिंगला त्याची सवय असते. दुसरा म्हणाला, काउंटीला चुपचाप हलके फाळ देऊन टाकू, कागद कशाला? त्या दोघांना मी आजही वाईट म्हणत नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर तिमाहीचे आकडे होते. माझ्या डोळ्यांसमोर रात्री दोनला उतारावर ब्रेक दाबणारा काउंटीचा ड्रायव्हर होता. आणि नियमही स्पष्ट आहे. सुरक्षेचा दोष किंवा मानकाचा भंग झाल्याचं ठरलं की पाच कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवायचं, मालकांना साठ दिवसांत पत्र जायला हवं, आणि दुरुस्ती मोफत. आमच्या नावाची पट्टी होती, म्हणजे कळवायचंही आम्हीच.

तिसऱ्या दिवशी आम्ही अहवाल पाठवला. दोष कशामुळे झाला या रकान्यात वकिलांनी सुचवलेलं वाक्य फार गोल होतं. मी ते बदलून सरळ लिहिलं की ऑर्डर बदलल्यावर वजनाचा हिशेब पुन्हा केला गेला नाही.

दुरुस्तीसाठी दोन गोष्टी लागल्या. भरलेल्या तेलाच्या टाकीचं वजन ३०० पौंडांच्या आसपास. ती पुढच्या एक्सलच्या तीन फूट मागे होती, म्हणजे त्यातले साधारण २३६ पौंड पुढच्या एक्सलवर. ती सात फूट आणखी मागे सरकवली तर पुढे येतात ८६. दीडशे पौंड तिथे वाचले. फाळ १२० पौंडांनी हलका घेतला, तरफेमुळे त्याचे वाचले १५४. एकूण तीनशेच्या वर. मेकॅनिक लोकांनी रात्रपाळी करून तेवीस ट्रक पाच आठवड्यांत दुरुस्त केले. प्रत्येकाचा पुढचा आणि मागचा एक्सल वेगळा तोलला, आकडे कागदावर घेतले, काउंटीच्या त्या मेकॅनिकची सही घेतली. मग नवी पट्टी. त्यातल्या पहिल्या चार पट्ट्या मी स्वतः चिकटवल्या. हाताने दाबून बोटाने कडा बसवताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी ही गोष्ट कधी केलीच नव्हती.

त्यानंतर कंपनीत दोन नियम झाले. ऑर्डरमध्ये वजनावर परिणाम करणारी एकही ओळ बदलली की जुना हिशेब आपोआप रद्द. आणि काट्यावर गेल्याशिवाय पट्टी छापायची नाही, ट्रक कितीही नेहमीचा असला तरी. एका ट्रकमागे वीस मिनिटं लागतात. दिवसाला आठ-दहा ट्रक निघतात, म्हणजे जवळपास एका माणसाचा अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसासाठी मला दरवर्षी अंदाजपत्रकाच्या बैठकीत भांडावं लागलं. एकदाही मागे हटलो नाही.

दोन वर्षांनी मला अध्यक्ष केलं. ज्या संचालकाने माझं नाव सुचवलं, त्याने कारण म्हणून त्या अहवालाचाच उल्लेख केला. मला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि आनंदही.

अध्यक्ष म्हणून पहिली मोठी अडचण २०१८ च्या मार्चमध्ये आली. आयात पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात. नगरपालिकांच्या निविदांना आम्ही वर्षभराचे दर देऊन बसलो होतो. त्या ऑर्डरी तोट्यात पुऱ्या केल्या. २०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंडियानापोलिसला कामाच्या ट्रकांचं वार्षिक प्रदर्शन भरलं, या धंद्याची जत्राच. हजारो लोक, हस्तांदोलनं, गाठीभेटी. दोन आठवड्यांत देश जवळपास बंद झाला. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष प्रदर्शन झालंच नाही.

पण माझ्या सगळ्या कारकिर्दीत अवघड वर्ष २०२१. आमच्याकडे ऑर्डरी होत्या, पोलाद होतं, माणसं होती. चॅसिस नव्हते. सेमीकंडक्टर चिप मिळत नसल्याने चॅसिसचे कारखाने थांबत-सुरू होत होते. केंटकीत तयार झालेले, फक्त चिपसाठी अडलेले ट्रक तिथल्या मोटार शर्यतीच्या मैदानाभोवती हजारोंनी उभे केले होते. महामार्गावरून जाताना ते दृश्य मी पाहिलं. नवे कोरे ट्रक, सगळे अपुरे. आमच्या यार्डात त्याची उलटी बाजू होती. तयार बॉडी एकावर एक तीन-तीन रचलेल्या, त्यांना खाली गाडी नाही. बॉडी चॅसिसवर चढेपर्यंत बिल करता येत नाही. म्हणजे पोलादाचे पैसे गेलेले, मजुरी गेलेली, आणि हाती येणारं काहीच नाही.

तेव्हा दोन कामं केली. पहिलं, जुन्या बॉडी वाचवणं. चांगली सर्व्हिस बॉडी चॅसिसपेक्षा जास्त टिकते, पूर्वी गिऱ्हाईकं दोन्ही एकदमच बदलायची. आम्ही त्यांना उलट सांगायला लागलो की बॉडी राहू द्या, आहे त्याच चॅसिसला अजून दोन वर्षं चालवू, झिजलेले भाग आम्ही बदलून देतो. शॉप त्यावर चालला.

दुसरं काम वाटणीचं. सप्टेंबरमध्ये एकसष्ट चॅसिस एकदम आले, आणि वाट पाहणारी गिऱ्हाईकं दोनशेच्या वर. विक्रीप्रमुखांनी रीतसर यादी केली होती, सर्वांत मोठं गिऱ्हाईक वर. एक भाड्याने ट्रक देणारी मोठी कंपनी एकटीच चाळीस घ्यायला तयार होती, वर जादा पैसे द्यायलाही. मी यादी नव्याने केली. पाण्याचे, विजेचे आणि बर्फाचे ट्रक आधी. नळ फुटला, तार तुटली, रस्ता बंद झाला की ज्यांना निघावंच लागतं ते आधी. मग छोटे ठेकेदार, ज्यांच्याकडे एकच ट्रक असतो आणि तो बंद पडला की घर चालत नाही. उरलेले मोठ्यांना. ती भाड्याची कंपनी आमच्यावर रागावली आणि पुढच्या वर्षी ऑर्डर दुसरीकडे गेली. संचालक मंडळात मला उत्तर द्यावं लागलं. मी म्हटलं, बाजारात माल भरपूर असतो तेव्हा कोणीही न्यायाने वागतो, कमी असतो तेव्हाच आपलं नाव ठरतं. त्यांनी मान्य केलं असं नाही, पण निर्णय बदललाही नाही.

शेवटची तीन वर्षं विजेवरच्या चॅसिसमध्ये गेली. इतक्या वर्षांचं ज्ञान पुन्हा तपासून घ्यावं लागलं. डिझेलच्या ट्रकमध्ये हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्समधून ताकद घेऊन चालतो. इथे गिअरबॉक्स तसा नाही, पंपाला वेगळी मोटर, आणि ती त्याच बॅटरीतून वीज ओढते. बादली वर नेत राहिलं तर संध्याकाळी घरी जायला चार्ज उरेल का, हा प्रश्न लाइनमन पहिला विचारतो, आणि तो योग्यच आहे. फ्रेमच्या रेल्समध्ये जिथे आम्ही पूर्वी सवयीने भोकं पाडायचो तिथे आता बॅटरीचे पेटारे आहेत, आणि नारिंगी रंगाच्या तारांना हात लावायची मनाई. बॅटरीचं वजन जितकं वाढतं तितकं माल वाहायचं वजन कमी होतं, म्हणजे पुन्हा तोच तराजू. आमच्या वेल्डरना उच्च दाबाच्या विजेचं प्रशिक्षण दिलं. पहिल्या वर्गात पन्नाशीचे लोक शाळेतल्या मुलांसारखे वही काढून बसले होते.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात एका नगरपालिकेच्या पाणी विभागाचा ट्रक निघायचा होता. संध्याकाळी पाचला त्यांचा माणूस न्यायला येणार, त्यांच्याकडे छोटासा समारंभही ठेवला होता. काट्यावर आमची सर्टिफिकेशनची इंजिनिअर होती, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. मागचा एक्सल ठीक. पुढचा मर्यादेपेक्षा ४० पौंड जास्त. शेवटच्या दिवशी गिऱ्हाईकाने पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणारी मोटर, बसवून मागितली होती, आणि ती घाईत बसवली गेली होती.

विक्रीवाले आधी तिच्याकडे गेले, मग माझ्याकडे आले. मी काट्यापाशी गेलो. तिने काही न बोलता छापील आकडे माझ्या हातात दिले. पट्टीचा कोरा रोल तिच्या खिशात होता. मी विचारलं, "काय करायचं म्हणतेस?" ती म्हणाली, "विंचची दोरी पोलादी आहे, सिंथेटिक घातली तर ३० पौंड वाचतील. उरलेले दहा शोधावे लागतील. आज होणार नाही." मी पाणी विभागाला स्वतः फोन केला आणि कारण सांगितलं.

त्या संध्याकाळी ट्रक गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला गेला.